मंगळवारची आगगाडी : एटी हिलेसमचे जीवन

शब्बाथशाळेत दानीएलाची गोष्ट सांगताना शिक्षकांना एक अनुभव नेहमी येतो. सिंहांची तोंडे बंद झाली, दानीएल सुखरूप वर आला, की वर्ग खूश होतो. शद्रख, मेशख व अबेद्नगो हे भट्टीतून बाहेर येतात तेव्हा अंगाला धुराचा वासही नसतो, हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात. परंतु एखादे मूल जरा विचारी असते. ते विचारते, जे वाचले नाहीत त्यांचे काय? देव त्यांच्याजवळ नव्हता काय?

या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर देऊन चालत नाही. म्हणून या महिन्यात अशा एका तरुण स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे, जी भट्टीतून बाहेर आली नाही. तरीही भट्टीच्या दाराशी असलेल्या एका छावणीत ती कशी जगली हे वाचले म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

तिचे नाव एटी हिलेसम. जन्म १५ जानेवारी १९१४ रोजी हॉलंडमधील मिडलबर्ग या गावी झाला. कुटुंब यहूदी होते. वडील लुई हिलेसम हे ग्रीक व लॅटिन या भाषांचे शिक्षक, पुस्तकांत रमणारे व अबोल. पुढे ते डेव्हेंटर या शहरातील विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. आई रिव्हा ही मूळची रशियाची. तेथे यहूद्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा ती तरुणपणीच हॉलंडला पळून आली होती. एटीला दोन धाकटे भाऊ होते. याप हा वैद्यकशास्त्र शिकला, तर मिशा हा असामान्य पियानोवादक निघाला. घरात बुद्धी भरपूर होती, पण शांती नव्हती. दोन्ही भावांना मानसिक आजारामुळे काही काळ इस्पितळात राहावे लागले. एटीलाही मनाच्या अस्वस्थतेने अनेक वर्षे ग्रासले होते.

१९३२ साली ती आम्स्टरडॅमला आली. कायद्याची पदवी तिने घेतली. नंतर आईची भाषा म्हणून रशियन शिकली, इतरांना शिकवूही लागली. १९३७ पासून ती शहरातील एका मोठ्या चौकासमोरच्या घरात राहत असे. घरमालक हान वेगेरिफ हे वयस्क विधुर होते. ती त्यांचे घर सांभाळी.

एटी ही लहानपणापासून प्रार्थनेत वाढलेली भक्त मुलगी नव्हती. घरात धर्माचे वातावरण बेताचेच होते. तिचे तारुण्यातील वागणेही आपल्या मंडळीत आदर्श म्हणून सांगता येईल असे नव्हते. तिच्या रोजनिशीत हे सारे तिने स्वतःच, काही न लपवता, लिहून ठेवले आहे. पवित्र शास्त्रही आपल्या माणसांचे दोष लपवीत नाही. याकोब, दावीद, पेत्र यांची चरित्रे आपण वाचतो ती दोषांसकट. एटीचे चरित्रही तसेच वाचावे.

मे १९४० मध्ये हिटलरच्या सैन्याने हॉलंड जिंकले. तेव्हा त्या देशात सुमारे १,४०,००० यहूदी होते. त्यांच्यावरील फास हळूहळू आवळला गेला. प्रथम सरकारी नोकऱ्यांतून त्यांना काढले. एटीच्या वडिलांचे मुख्याध्यापकपद गेले ते याच वेळी. फेब्रुवारी १९४१ मध्ये आम्स्टरडॅममध्ये यहूदी तरुणांना पकडून नेले तेव्हा शहरातील कामगारांनी संप केला. तो बळाने मोडण्यात आला. मग बागा, ग्रंथालये, ट्रामगाड्या, सायकली, एकामागून एक सारे बंद झाले. १९४२ च्या मे महिन्यापासून प्रत्येक यहूद्याने कपड्यावर पिवळा तारा लावलाच पाहिजे असा हुकूम आला.

याच अंधाऱ्या काळात एटीच्या अंतःकरणात मात्र उजेड वाढत गेला. १९४१ च्या आरंभी तिची गाठ युलियस श्पीअर यांच्याशी पडली. हे जर्मनीतून आलेले यहूदी गृहस्थ मानसोपचार करीत आणि हाताच्या रेषांवरून स्वभाव सांगत. हस्तरेषांचा हा प्रकार आपणांस पटणारा नाही, आणि दोघांचे नातेही केवळ गुरुशिष्याचे नव्हते. तथापि याच माणसाने तिला पवित्र शास्त्र व संत ऑगस्टीन यांचे लेखन वाचायला लावले, आणि देवाचे नाव संकोच न करता उच्चारायला शिकवले. त्यांच्याच सांगण्यावरून मार्च १९४१ मध्ये तिने रोजनिशी लिहायला घेतली.

त्या रोजनिशीत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते, ती म्हणजे गुडघे टेकणे. यहूद्यांच्या प्रार्थनेत गुडघे टेकण्याची रीत सहसा नाही. एटीला तर ते फार लाजिरवाणे वाटे. आपल्या मनातील सर्वांत खाजगी गोष्ट हीच, असे ती म्हणे. पण हळूहळू, कधी न्हाणीघरातील खरखरीत चटईवर, कधी बिछान्यापाशी, तिचे गुडघे टेकले जाऊ लागले. कोणी तिला भाग पाडले नव्हते. आतूनच काहीतरी तिला खाली वाकवीत होते.

फेब्रुवारी १९४२ मधील एक प्रसंग आहे. गुप्त पोलिसांच्या कचेरीत यहूद्यांची रांग उभी होती. एक तरुण अधिकारी सर्वांवर खेकसत होता. एटीवरही तो ओरडला. तिला भीती वाटली नाही आणि रागही आला नाही, उलट त्याची कीव आली. याचे बालपण दुःखाचे गेले असेल काय, असा विचार तिच्या मनात आला. मात्र हा भाबडेपणा नव्हता. अशी दुखावलेली माणसे मोकाट सुटली म्हणजे किती भयंकर ठरतात हे तिला कळत होते, आणि त्यांना मोकाट सोडणारी व्यवस्था मोडली पाहिजे हेही ती म्हणत होती. परंतु द्वेषाने जग अधिकच राहण्यास अयोग्य होईल, आणि ज्याला जग सुधारायचे आहे त्याने आधी स्वतःच्या मनातील कुजका भाग काढावा, असे तिचे ठाम मत झाले होते. मत्तयाचे शुभवर्तमान आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेला प्रीतीचा अध्याय ती या दिवसांत वारंवार वाचत असे.

जुलै १९४२ मध्ये हॉलंडमधून पूर्वेकडे गाड्या जाऊ लागल्या. या गाड्या जेथून सुटत ती जागा म्हणजे वेस्टरबोर्क. देशाच्या ईशान्येला, द्रेंटे प्रांतातील ओसाड माळावर ही छावणी होती. १९३९ साली डच सरकारनेच ती जर्मनीतून पळून आलेल्या यहूदी निर्वासितांसाठी उभारली होती. आश्रयासाठी बांधलेली तीच जागा १ जुलै १९४२ रोजी जर्मनांनी आपल्या ताब्यात घेतली, आणि १५ जुलैला आउशवित्झकडे पहिली गाडी निघाली.

एटीच्या आप्तांनी खटपट करून तिला आम्स्टरडॅमच्या यहूदी समितीत टंकलेखनाचे काम मिळवून दिले. ही समिती जर्मनांच्या हुकुमाने चाले. तेथे नोकरी असणाऱ्यांची पाळी लांबणीवर पडे. म्हणून लोक त्या नोकरीसाठी धडपडत. एटीला ती जागा नकोशी झाली. थोडे यहूदी बाकीच्या यहूद्यांना धाडण्याच्या कामी हातभार लावतात, ही गोष्ट कधीही धुऊन निघणार नाही असे तिला वाटे. दोन आठवड्यांतच तिने स्वतः मागणी केली की, वेस्टरबोर्कमध्ये समाजसेवेच्या कामावर मला पाठवा. ३० जुलै १९४२ रोजी ती छावणीत दाखल झाली. इतर लोक सुटण्याची वाट शोधत असताना ही मुलगी आपल्या पायांनी आत गेली.

आता येथे थोडे थांबून आपण आपल्याच घरात डोकावले पाहिजे. याच जुलै महिन्यात हॉलंडमधील प्रॉटेस्टंट व कॅथलिक मंडळ्यांनी मिळून जर्मन अधिकाऱ्यांना तार करून यहूद्यांच्या हद्दपारीचा निषेध केला. ही तार उपासनेत वाचून दाखवण्याचे ठरत होते. तेव्हा जर्मनांनी सुचवले की, बाप्तिस्मा घेतलेल्या यहूद्यांना आम्ही सोडू, पण तार जाहीर वाचू नका. देशातील सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट मंडळीने ती वाचली नाही. कॅथलिक बिशपांनी २६ जुलैला आपल्या सर्व मंदिरांत ती वाचली. त्याचा सूड म्हणून २ ऑगस्टला कॅथलिक झालेल्या यहूद्यांना पकडण्यात आले. त्यांत विदुषी एडिथ स्टाईन ही जोगीणही होती. तिला वेस्टरबोर्कला आणले, ७ ऑगस्टला आउशवित्झकडे धाडले आणि ९ ऑगस्टला मारले. झग्यावर पिवळा तारा लावलेले जोगी व जोगिणी छावणीत आल्याचे एटीने आपल्या पत्रात लिहिले आहे.

न वाचणाऱ्यांनी आपल्या माणसांचा जीव वाचवण्यासाठी तसे केले. वाचणाऱ्यांना त्याची किंमत आपल्या माणसांच्या जिवाने द्यावी लागली. कोण बरोबर हे आपण आज आरामात बसून ठरवू नये. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. बाप्तिस्मा घेतलेला यहूदी आपला आणि न घेतलेला परका, असा भेद करायला शत्रूने सांगितले होते, आणि चांगल्या शमरोन्याचा दाखला ठाऊक असलेल्या लोकांनाही तो मोह पडला.

वेस्टरबोर्कमध्ये एटीचे काम काय होते? कागदोपत्री ते नवीन आलेल्यांची नोंद घेण्याचे व त्यांना मदत करण्याचे. प्रत्यक्षात ती इस्पितळाच्या बराकींतून फिरे, आजाऱ्यांची विचारपूस करी, निरोप पोहोचवी, हरवलेले सामान शोधी, रडणाऱ्या आयांजवळ बसे. छावणी जेमतेम अर्धा किलोमीटर लांब व तितकीच रुंद होती. भोवती काटेरी तारा व पहाऱ्याचे मनोरे होते. पावसात चिखल, उन्हात धूळ असे. मोठमोठ्या बराकींत लोखंडी खाटा एकीवर एक रचलेल्या होत्या, आणि त्यांत शेकडो माणसे कोंबलेली. गंमत अशी की, त्याच छावणीत शाळा होती, मोठे इस्पितळ होते, वाद्यवृंद होता, अधिकाऱ्यांपुढे हास्यविनोदाचे कार्यक्रमही होत. माणसांना बरे करून मग गाडीत घालीत.

१९४३ साली ही गाडी बहुधा दर मंगळवारी सुटे. किती माणसे पाठवायची तो आकडा वरून येई. नावांची यादी मात्र छावणीतील यहूदी कारभाऱ्यांनाच करावी लागे. सोमवारी रात्री बराकीत नावे वाचली जात. ज्याचे नाव आले नाही तो आणखी सात दिवस जगला. आठवड्याचे सात दिवस याच एका रात्रीभोवती फिरत.

अशा एका रात्रीचे वर्णन एटीने ऑगस्ट १९४३ च्या पत्रात केले आहे. एक मुलगा नाव निघाल्यावर घाबरून पळाला व लपून बसला. त्याला शोधण्याचे काम त्याच्याच लोकांवर पडले. तो सापडला, पण शिक्षा म्हणून आणखी पन्नास जणांना त्या गाडीत घालण्यात आले. त्या रात्री एटी तान्ह्या मुलांना कपडे घालीत होती, आयांना धीर देत होती. आपण देऊ शकतो तो धीर किती तोकडा आहे हे तिला कळत होते. सकाळी छावणीचा प्रमुख गेमेकर फलाटावरून ऐटीत फिरला, मालगाडीच्या डब्यांची दारे बंद झाली, शिट्टी वाजली, आणि हजाराहून अधिक माणसे निघून गेली. हे पत्र व डिसेंबर १९४२ मधील आणखी एक पत्र तिच्या हयातीतच, १९४३ साली, भूमिगत कार्यकर्त्यांनी दुसऱ्याच नावाच्या आवरणाखाली छापले. प्रती सुमारे १०० होत्या. त्यांतून आलेला पैसा लपून राहिलेल्या यहूद्यांसाठी वापरला गेला.

समितीच्या कामामुळे एटीला काही वेळा आम्स्टरडॅमला जाण्याची परवानगी मिळे. १५ सप्टेंबर १९४२ रोजी श्पीअर वारले तेव्हा ती तेथेच होती. नंतर ती स्वतः आजारी पडली, आणि डिसेंबर १९४२ पासून पुढचे सहा महिने तिला शहरातच राहावे लागले. मित्रांनी तिला लपवण्याचा आटोकाट प्रयत्न केला. क्लास स्मेलिक नावाच्या लेखक मित्राने तर एकदा तिला अक्षरशः धरून ठेवले. तिने हात सोडवून घेतला. आपल्या लोकांचे जे होईल ते आपलेही होवो, इतरांनी जावे व आपण सुरक्षित राहावे हे आपल्याला नको, असे तिचे म्हणणे होते. जून १९४३ मध्ये ती छावणीत परतली.

येथे वाचक म्हणतील, हा हट्टच नव्हे काय? लपून जीव वाचवणे हे पाप नाही. कितीएक डच ख्रिस्ती कुटुंबांनी आपला जीव धोक्यात घालून यहूद्यांना घरात लपवले, आणि त्यामुळे हजारो वाचले. एटीचा मार्ग सर्वांनी घ्यावा असा नाही, आणि तिने तसा आग्रहही धरला नाही. जे लपले त्यांना तिने दोष दिला नाही. तिने फक्त स्वतःपुरते ठरवले.

तिची प्रार्थनाही या काळात बदलली. देवा, मला सोडव, असे ती मागत नसे. देव या संकटातून आपणांस सोडवील असे दिसत नाही, तेव्हा निदान आपल्या अंतःकरणात देवासाठी थोडी जागा राखून ठेवणे हे तरी आपल्या हाती आहे, असे ती म्हणे. देवाला आपण मदत करायची, ही तिची कल्पना ईश्वरविज्ञानाच्या वर्गात आपल्याला शिकवलेल्या सिद्धांताशी जुळत नाही. आपला देव सर्वसमर्थ आहे असे आपण कबूल करतो. पण गेथशेमाने बागेत तिघा शिष्यांना जागे राहायला सांगितले गेले, ते कशासाठी? तेथे त्यांच्या हातून काही सुटका होणार नव्हती. फक्त जवळ जागे राहायचे होते. ते झोपी गेले. वेस्टरबोर्कच्या बराकीत ही यहूदी मुलगी जागी राहिली.

मात्र एक गोष्ट सांभाळावी. एटीने शुभवर्तमान प्रेमाने वाचले, म्हणून ती ख्रिस्ती झाली असे आपण शब्बाथशाळेत सांगू नये. ती यहूदी म्हणून जगली, आणि यहूदी होती म्हणूनच मारली गेली. तिला आपल्या नावावर चढवणे हा तिच्यावर अन्याय होईल. आपल्या पुस्तकातील वचने तिने आपल्यापेक्षा अधिक मनावर घेतली, एवढे कबूल केले तरी पुरे.

जून १९४३ च्या मोठ्या धरपकडीत तिचे आईवडील व मिशा यांनाही वेस्टरबोर्कला आणले गेले. स्वतःचे हाल सोसणे सोपे, पण आईवडिलांचे हाल पाहवत नाहीत, हे तिने आता अनुभवले. जुलैमध्ये समितीच्या लोकांची विशेष सवलत रद्द झाली. काहींना आम्स्टरडॅमला परतता येत होते. एटी आईवडिलांपाशी छावणीतच राहिली. मिशाच्या वादनाची ख्याती मोठी होती, म्हणून त्याला अधिक सुरक्षित जागी हलवावे असे प्रयत्न नामांकित संगीतकारांनी केले. आईवडिलांना सोडून जायला तो तयार झाला नाही. शेवटी आईने धीर करून हॉलंडमधील जर्मन पोलिसांचा प्रमुख राउटर याला पत्र लिहिले व सवलत मागितली. त्या उद्दाम माणसाला राग आला. सबंध कुटुंबाला ताबडतोब पाठवण्याचा हुकूम ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी छावणीत पोहोचला.

दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबर १९४३ रोजी, मंगळवार होता. त्या गाडीत ९८७ माणसे होती. आईवडील व मिशा पहिल्या डब्यात चढले, एटी बाराव्या डब्यात. सामानात पवित्र शास्त्र होते आणि रशियन भाषेची पुस्तके होती. गाडी चालू झाल्यावर तिने एक पोस्टकार्ड लिहून फटीतून बाहेर टाकले. ते वडिलांच्या शाळेतील शिक्षिका क्रिस्टीन फान नोटेन यांच्या नावे होते. या बाई छावणीत या कुटुंबाला खाण्याच्या वस्तू पाठवीत असत. रुळांजवळ शेतकऱ्यांना ते कार्ड सापडले आणि त्यांनी ते टपालात टाकले. सामानाच्या पिशवीवर बसून शास्त्र उघडले तेव्हा परमेश्वर हाच आपला उंच बुरूज हा विचार समोर आला, आणि आम्ही छावणी गात गात सोडली, असा त्यातील आशय होता.

आईवडील प्रवासात किंवा पोहोचताच मृत्यू पावले. एटीच्या मृत्यूची नोंद ३० नोव्हेंबर १९४३ अशी आहे. वय २९ वर्षे. मिशा १९४४ साली गेला. याप १९४५ च्या वसंतात, सुटका झाल्यावर, घरी पोहोचण्यापूर्वी वारला. घरातील एकही माणूस परत आले नाही. वेस्टरबोर्कमधून एक लाखाहून अधिक लोक पाठवले गेले. परत आले ते सुमारे ५,०००. १२ एप्रिल १९४५ रोजी कॅनडाचे सैन्य छावणीत पोहोचले तेव्हा तेथे सुमारे ९०० यहूदी उरले होते.

एटीने शेवटच्या वेळी घर सोडण्यापूर्वी आपल्या वह्या एका मैत्रिणीकडे दिल्या होत्या व त्या क्लास स्मेलिक यांच्याकडे पोहोचवण्यास सांगितले होते. स्मेलिक यांनी युद्धानंतर प्रकाशक शोधले, पण कोणी त्या छापेनात. १९८१ साली त्यांतील निवडक भाग हॉलंडमध्ये प्रसिद्ध झाला, १९८६ साली सर्व लेखन छापले गेले, आणि आता अनेक भाषांत ते वाचले जाते. ज्यांनी तिला मारले त्यांच्या याद्या कचेऱ्यांत पडून राहिल्या. तिचे शब्द मात्र घराघरांत गेले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. जे वाचले नाहीत त्यांच्याजवळ देव होता काय? दानीएलाच्या पुस्तकातच त्या तिघांनी राजाला सांगितले होते की, आमचा देव आम्हांला सोडवील, आणि न सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. गोष्ट सांगताना आपण हे दुसरे अर्धे उत्तर घाईने ओलांडतो, कारण शेवट गोड आहे हे आपल्याला ठाऊक असते. एटीला शेवट ठाऊक होता, आणि तो गोड नव्हता. तरी तिने द्वेषाच्या मूर्तीला गुडघे टेकले नाहीत. ज्या गुडघ्यांना वाकायला लाज वाटत होती, ते केवळ देवापुढे वाकले.

पुढच्या वेळी दानीएलाची गोष्ट सांगाल तेव्हा, शिक्षकहो, त्या दुसऱ्या अर्ध्या उत्तरापाशी क्षणभर थांबा. मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. त्याला मंगळवारच्या गाडीविषयी सांगा, बाराव्या डब्याविषयी सांगा, आणि ज्या शेतकऱ्यांनी रुळांजवळचे ते कार्ड उचलून टपालात टाकले त्यांच्याविषयीही सांगा. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी एवढे तरी केले.